घेणार की फिरवणार?

साठेखत करायला कुणी ऑफिसात आलं की चहा यायच्या आत मी एक प्रश्न विचारून घेतो, "स्वतः घेणार आहात की फिरवणार आहात?" काही जण चपापतात, काही हसतात. एखादा फटकन म्हणतो, "वकीलसाहेब, तुम्हाला काय करायचंय? तुम्ही कागद करा." मला करायचं असतं, कारण दोघांचा कागद वेगळा होतो. स्वतः घेणाऱ्याचं साठेखत म्हणजे खरेदीखताकडे जाणारी पायरी. फिरवणाऱ्याला मात्र त्या पायरीवरच दुकान मांडायचं असतं.

राजगुरुनगरच्या कोर्टात आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात माझी उमेदीची वर्षं गेली. चाकणला एमआयडीसी आली, गाड्यांचे कारखाने आले आणि तालुक्यातली वकिली बांधाच्या भांडणांवरून जमिनीच्या कागदांवर सरकली. फिरवण्याचा धंदा त्याच काळात फोफावला. तो करायला फार अक्कल लागत नाही. मालकाशी दर ठरवायचा, रकमेच्या दहा-पंधरा टक्के विसार द्यायचा, साठेखत करून वर्ष-दीड वर्षाची मुदत घ्यायची आणि त्या मुदतीत चढ्या दराने घेणारा गाठायचा. खरेदीच्या दिवशी मालकाचे पैसे मालकाला, वरचे आपल्याला. सातबाऱ्यावर नाव एकदाही लागत नाही आणि फायदा होतो तो पूर्ण जमिनीच्या किमतीवर.

हे कायद्यात बसतं का, असं मला अगदी लग्नाच्या पंगतीतही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: हक्क विकता येतो, देणं परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. ऐकणाऱ्याला पहिला अर्धा भाग तेवढा आवडतो. भांडणं निघतात ती दुसऱ्या अर्ध्यातून.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या ५४ व्या कलमात स्पष्ट आहे की विक्रीच्या करारानं मिळकतीत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. म्हणजे साठेखत हातात असलेला माणूस जमिनीचा मालक नाही, अर्धा मालक नाही, होऊ घातलेला मालकही नाही. त्याच्याकडे आहे तो मालकाकडून ठरल्या किमतीला खरेदीखत करून मागण्याचा अधिकार. या अधिकाराला किंमत आहे आणि तो दुसऱ्याला देता येतो. विनिर्दिष्ट अनुतोष कायदा १९६३ चा, त्याचं १५ वं कलम करार पुरा करून मागण्याचा हक्क पक्षकाराच्या हितसंबंधातल्या प्रतिनिधीलाही देतो. अपवाद दोनच. करार त्या माणसाचं कसब, ऐपत किंवा व्यक्तिगत गुण पाहून केलेला असेल, किंवा हक्क दुसऱ्याला देता येणार नाही असं करारातच लिहिलं असेल, तर मार्ग बंद होतो. नफा घेऊ नये असं कुठंही लिहिलेलं नाही. एकरी ऐंशी लाखांचा करार एक कोटी दहा लाखांना दिला म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही.

आता दुसरा अर्धा भाग. साठेखतानं मधल्या माणसाला हक्क मिळतो, तसं देणंही त्याच्या डोक्यावर बसतं: उरलेली रक्कम मुदतीत द्यायची. सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये खर्डा कंपनीच्या खटल्यात सांगितलं की करारातला हक्क साधारणपणे दुसऱ्याला देता येतो, पण करारातली जबाबदारी समोरच्याच्या संमतीशिवाय देता येत नाही. आणि संमतीनं दिली तर तो खरं म्हणजे नवा करार होतो. तो खटला होता कलकत्त्याच्या तागाच्या व्यवहाराचा. आमच्या तालुक्यात तागाचं रोपटं कुणी पाहिलेलं नसेल, पण जमिनीच्या दाव्यात तो निकाल नेहमी पुढं येतो. २०१९ मध्ये कपिलाबेन विरुद्ध अशोककुमार शेठ या गुजरातमधल्या जमिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सूत्र थेट साठेखताला लावलं. मूळ घेणाऱ्यांनी किमतीचा काही भाग दिला होता, बाकी देणं शिल्लक होतं, आणि मालकांची संमती न घेता त्यांनी करार पुढं दिला होता. पुढच्यांना मालकांकडून खरेदीखत मागता आलं नाही.

एक कोटी साठ लाखांच्या व्यवहारात वीस लाख विसार देऊन जो जमीन फिरवायला निघतो, त्यानं किमतीचा आठवा हिस्सा दिलेला असतो. बाकी सात हिस्से देणं. संपूर्ण किंमत मालकाला पोचती झाली असेल तर गोष्ट निराळी. तिथं देणं उरतच नाही आणि मालकाला विचारायचं कारणही फारसं राहत नाही. पण पूर्ण पैसे देऊन बसायचे तर मग फिरवणं कसलं? त्यामुळं या धंद्यात मालकाची सही लागतेच. आणि नेमकी ती सही टाळण्यासाठीच निम्मी हुशारी खर्च होते.

सही का टाळतात, ते मी एकदा दुय्यम निबंधकाच्या दारात डोळ्यांनी पाहिलं. मी शेवटच्या घेणाऱ्याचा वकील होतो. कागद सरळ बेतला होता: मूळ मालक लिहून देणार, माझे पक्षकार लिहून घेणार आणि मधला माणूस मान्यता देणार. कुणाला किती रक्कम, कोणत्या चेकनं, सगळं दस्तात. डेटा एन्ट्री झाली होती, टोकन लागलं होतं. मालक आबा सत्तरीच्या पुढचे, टोपी मांडीवर घेऊन बाकावर बसलेले. त्यांची सून पदवीधर. तिनं मसुद्याची प्रत मागून घेतली आणि हळू आवाजात सासऱ्याला वाचून दाखवायला लागली. मोबदल्याच्या परिच्छेदाशी ती थांबली. पुन्हा वाचला. मग म्हणाली, "आबा, एकूण दोन कोटी वीस लाख लिहिलेत. आपल्याला एक कोटी साठ. साठ लाख या शेठना."

आबांनी शेठकडं पाहिलंच नाही. मला विचारलं, "वकीलसाहेब, हे वरचे साठ लाख कशाचे?"

शेठ तयारीचा माणूस होता. त्यानं बोटांवर मोजत हिशेब मांडला. आबांच्या दोन बहिणींची नावं वारस म्हणून लागली होती, त्यांना भेटून हक्कसोडपत्रं त्यानं करून घेतली. मोजणी आणली. शेजाऱ्यानं अडवलेल्या रस्त्यासाठी तहसीलदाराकडं खेटे घातले. विकास सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावरून कमी केला. "हे सगळं झालं नसतं तर या साहेबांनी जमिनीकडं पाहिलं तरी असतं का?"

"बोजा आमच्याच विसारातनं फेडलाय," आबांचा मुलगा म्हणाला.

"फेडला तुमच्या पैशातनं, पण नोंद कमी करून आणली कुणी?"

दोघांचंही खरं होतं. त्या दिवशी दस्त झाला नाही. समोरच्या हॉटेलात बैठक बसली, भजी आली, आवाज चढले, उतरले. शेवटी शेठनं आपल्या हिश्शातून काही रक्कम सोडली, बहिणींच्या हक्कसोडपत्रांचा खर्च अंगावर घेतला आणि पुढच्या आठवड्यात आबांनी अंगठा उमटवला. कायद्यानं शेठला एक रुपया सोडायची गरज नव्हती. आबांनी दर मान्य केला होता, साठेखत नोंदणीकृत होतं, मुदत शिल्लक होती. पण मालकाच्या संमतीनं व्यवहार करायचा तर मालकाला आकडा कळणार, आणि आकडा कळला की संमतीलाही भाव येणार. फिरवणारे या भावाला भितात. माझ्या मते धंद्यातला तोच एक प्रामाणिक खर्च आहे. ज्यानं बहिणी, बांध, बोजा सोडवलेले असतात तो चारचौघांत आपला हिशेब मांडू शकतो. ज्यानं नुसता कागद कपाटात ठेवून दर चढायची वाट पाहिली, त्याला त्या बाकावर बसून काय सांगायचं हाच प्रश्न पडतो.

मालकही काही सगळे आबांसारखे नसतात, हेही सांगितलं पाहिजे. संमती मागितली की मुदत संपेपर्यंत फोन न उचलणारे, दुसऱ्या घेणाऱ्याशी मागच्या दारानं बोलणी करणारे मालक मी पाहिलेत. अशा वेळी मधला माणूस करार पुरा करून मागायला कोर्टात जाऊ शकतो. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनं त्याची बाजू बळकटही झाली. करार पुरा करून द्यायचा की नुकसानभरपाईवर भागवायचं, हे पूर्वी न्यायाधीशाच्या विवेकावर होतं. तो विवेक आता बराच आवळला गेलाय. पण एक अट कायम आहे. आपला भाग पार पाडायला आपण सतत तयार आणि राजी होतो, हे वादीला दाखवावं लागतं. उलटतपासणीत मी मालकाच्या बाजूनं असलो की बँकेच्या खात्याचा उतारा मागतो. एक कोटी चाळीस लाख द्यायचे होते, त्या वर्षभरात तुमच्या खात्यात सर्वांत जास्त शिल्लक किती होती? रोख रक्कम टेबलावर मांडायची गरज नसते, कर्जाची सोय दाखवली तरी चालतं. पण ज्याचा सगळा बेत दुसऱ्याच्या पैशावर उभा असतो, त्याच्याकडं तेवढीही सोय नसते. शिवाय करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षांतच दावा लावावा लागतो.

ही झाली सरळ माणसांची भांडणं. वाईट प्रकार खेडच्या विमानतळाच्या चर्चेत पाहिला. पुण्याचा नवा विमानतळ आमच्या तालुक्यात होणार अशी हवा होती, तेव्हा साठेखतं नोटरीच्या शिक्क्यावर फिरत होती. पहिल्यानं दुसऱ्याला दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, प्रत्येक वेळी कागदावर 'सदर मिळकतीतील माझे सर्व हक्क' असं भारदस्त वाक्य आणि दर चढता. नोटरीचा शिक्का म्हणजे सरकारी नोंदणी, असा समज आजही पक्का आहे. नोटरी सह्यांची साक्ष देतो. दस्त इंडेक्स टूवर येत नाही आणि जगाला त्याची खबर लागत नाही. २०१६ मध्ये विमानतळासाठी पुरंदरची जागा पुढं आली आणि आमच्याकडचे दर जिथल्या तिथं बसले. माझ्याकडं साखळीतला शेवटचा माणूस आला. एसटीतून निवृत्त झालेला, फंडाचे पैसे घातलेला. त्यानं आपल्या आधीच्याला जवळजवळ पूर्ण किंमत दिली होती. मूळ मालकाच्या हातात पोचला होता तो फक्त पहिला विसार, आणि करारानुसार मुदत संपल्यावर मालकानं रीतसर नोटीस देऊन व्यवहार रद्द केला होता. मालकाला या माणसाचं नावही ठाऊक नव्हतं. मालकावर दावा टिकणार नव्हता; पैसे मागायचे तर ज्याला दिले त्याच्याकडं, आणि तो पत्त्यावर नव्हता. मधल्या कुणी 'जमीन माझीच आहे' असं सांगून पैसे घेतले असतील तर तो दिवाणी विषय राहत नाही. ती फसवणूक आहे. पूर्वीचं कलम ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. पण फिर्याद दाखल झाली म्हणून फंड परत येत नाही.

कुलमुखत्यारपत्राचीही अशीच एक चोरवाट आहे. साठेखताबरोबर मालकाकडून मुखत्यारपत्र घ्यायचं आणि मालकाच्या नावानं आपणच पुढं खरेदीखत करून द्यायचं, म्हणजे आकडा मालकाच्या कानावर जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात बजावलं की मुखत्यारपत्र आणि करार मिळून मालकी होत नाही; मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानंच. खरोखरीच्या मुखत्यारपत्राला त्या निकालानं हात लावलेला नाही, पण मुखत्यार हा मालकाचा विश्वस्त. मालकाच्या वतीनं सही करून वरचे पैसे गुपचूप स्वतःच्या खिशात घालणाऱ्याला उद्या मालकानं हिशेब मागितला, तर त्याच्या बाजूनं बोलायला माझी जीभ वळणार नाही. शिवाय मोबदला घेऊन विक्रीचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र मुद्रांकाच्या दृष्टीनं खरेदीखताच्याच रांगेत बसतं. वाचवायला गेलेले पैसे तिथं निघून जातात.

मुद्रांकाचं गणित फिरवणाऱ्यांना सर्वांत जास्त छळतं. जमीन आधी आपल्या नावावर घेऊन मग विकली तर व्यवहार स्वच्छ, पण शुल्क दोनदा. साठेखतात ताबा दिला असं लिहिलं की महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार तेच खरेदीखत धरलं जातं आणि पूर्ण शुल्क लागतं. ते शुल्क पुढच्या खरेदीखतात वळतं होतं, पण त्या खरेदीखतावर नाव तिसऱ्याचं असेल तर ते आपोआप वळतं होईल असं धरून मी कुणाला सल्ला देत नाही. म्हणून माझा कल बिनताब्याच्या नोंदणीकृत साठेखताकडं आणि शेवटी मालक, मधला, घेणारा अशा तिघांच्या सह्यांच्या एकाच खरेदीखताकडं असतो. मधल्याच्या वाट्याचा आकडा दस्तात आला की प्राप्तिकरही आला. करार पुरा करून मागण्याचा हक्क ही भांडवली मत्ता आहे आणि तो सोडून मिळालेला पैसा करपात्र आहे, हे मुंबई उच्च न्यायालयानं १९७९ मध्येच टाटा सर्व्हिसेसच्या प्रकरणात ठरवलं. जो हेच रोज करतो त्याच्या बाबतीत खातं त्याला धंद्याचं उत्पन्न म्हणेल. 'वरचे रोखीत द्या' म्हणणाऱ्याला मी सरळ दाखवतो की २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं हाच दंडाचा विषय झालाय.

फ्लॅटमध्ये हा खेळ जास्त उघड्यावर चालतो. हिंजवडी-वाकडला बुकिंग करून ताब्याआधी फ्लॅट पुढं देणारे पुष्कळ. तिथं बिल्डर स्वतःच नाहरकत पत्रासाठी चौरस फुटामागं पैसे मागतो, म्हणजे संमतीचा भाव छापील असतो. रेरा कायद्यानं वाटपग्राहीच्या व्याख्येत विक्रीनं किंवा हस्तांतरणानं नंतर आलेल्या माणसालाही घेतलंय, त्यामुळं शेवटचा घेणारा उघडा पडत नाही. सरकारनंही गुंतवणूकदार नावाचा प्राणी मान्य केलाय: बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट ठरावीक मुदतीत पुढं विकला तर भरलेलं मुद्रांक शुल्क पुढच्या दस्तात वळतं करण्याची सोय आहे, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात ती मुदत एका वर्षाची तीन वर्षं झाली. मात्र स्वतःच्या नावानं करार न करता नुसती गिऱ्हाइकं जुळवून कमिशन घ्यायचं असेल तर तो एजंट झाला, आणि नोंदणीकृत प्रकल्पात एजंटालाही महारेराची नोंदणी लागते. शेतजमिनीच्या मालकाला असं एकही कवच नाही.

तालुक्याच्या ठिकाणी सगळ्या पक्षांचा कागद एकच वकील करतो, ही जुनी रीत. फिरवण्याच्या व्यवहारात ती मी पाळत नाही. मधल्या माणसाची फी घेतली की मालकाला वेगळा वकील बघायला सांगतो, आणि मसुद्यात एक कलम घालतोच: लिहून घेणार हा करार दुसऱ्याला देऊ शकतील, त्यात त्यांना फायदा होऊ शकतो हे लिहून देणार यांना समजावून सांगितलं आहे, आणि नव्या माणसाकडून उरलेली रक्कम स्वीकारून त्याच्या नावे खरेदीखत करून देणं त्यांना मान्य आहे. 'किंवा ते सांगतील त्यांच्या नावे' हे जुनं मोघम वाक्य कोर्टात फार लांब नेत नाही. मुदतही आखूड ठेवतो, फार तर वर्षभर, आणि विसार थोडा वाढवून मागतो.

हे कलम वाचून काही शेठ फाईल उचलून दुसऱ्याकडं जातात. त्यांचं म्हणणं, फायदा शब्द लिहिला की मालक दर वाढवतो. वाढवतो, खरं आहे. मग ती घासाघीस साठेखताच्या दिवशीच होऊ दे, विसार कमी गुंतलेला असताना; दीड वर्षानं निबंधकाच्या बाकावर होण्यापेक्षा स्वस्तात पडते. जे हे ऐकून थांबतात, त्यांचे कागद मी आनंदानं करतो.